मचाणावर रात्र निघत नाही? कंटाळा कितीला येतो ते आधी बघा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसवून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करून घेतं, त्यालाच निसर्गानुभव म्हणतात. ती रात्र झाली की दुसऱ्या दिवशी ठरलेली तक्रार येते. "काही दिसलं नाही हो, नुसतं बसून बसून कंटाळा आला." ताडोब्याच्या बफरमध्ये (गाभ्याभोवतीच्या जंगलात) बसलेला असो, मेळघाटातला असो की नागझिऱ्याचा, सूर तोच. आणि पुढच्या उन्हाळ्यात निसर्गानुभवाचं बुकिंग सुरू झालं की हाच माणूस सगळ्यात आधी पैसे भरून मोकळा होतो. परत बसतो, परत तेच.

माझं म्हणणं असं की मचाणावर कंटाळ्याच्या नावाखाली भलतंच काही खपत असतं. तहान, अवघडलेला खुबा, रोखून धरलेली लघवी, डोळ्यांभोवती घोंघावणारी घुंगुरटी, अर्धवट झोप. मनाला कितीही समजावलं तरी यातलं एकही जात नाही. त्यामुळे "संयम ठेवा" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पाण्याची बाटली शोधा. पूर्वी शिकारी रेडकू बांधून रात्र रात्र मचाणावर बसत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद होत गेली, पण बसण्याची अडचण तीच राहिली. जंगलालगतच्या गावांत तर ती दर हंगामाची. रानडुकरं धान, तूर, हरभरा उधळू नयेत म्हणून शेतकरी जागलीला जातात आणि तिथेही रात्र काढायचीच असते. आपल्यासोबत मचाणावर येणारा गावातला गाईड गप्प बसून राहतो ना, त्याचं निम्मं कसब या जागलीतलं आहे.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच: तुम्हाला कंटाळा कितीला येतो? वेळ कळली की कारण बहुतेक सापडतं.

दुपारी चार ते सहा: "आत्ताच जीव नकोसा झालाय"

हा उष्मा आहे. बहुतेक ठिकाणी दुपारीच मचाणावर चढवतात आणि सकाळी उतरवतात. मे महिन्यातला विदर्भ, पारा ४४-४५ च्या घरात, डोक्यावर छप्पर असेल नसेल. अशात बरीच मंडळी रात्री लघवीला लागेल या भीतीनं पाणीच पीत नाहीत. आठ वाजेपर्यंत डोकं ठणकायला लागतं, शेजाऱ्याच्या श्वासाचाही राग येतो, आणि मग "जंगलात काही राहिलं नाही" असा निष्कर्ष निघतो. एका गाईडनं आमच्यातल्या एकाला फार छान सुनावलं होतं: "वाघ येईन तवा येईन जी, तुमी आधी पाणी प्या."

माणशी चार लिटर पाणी न्या. त्यातलं बरंचसं सूर्यास्ताच्या आत संपवा, मीठ-साखर-लिंबू घालून किंवा सोबत ताक. अंधार पडल्यावर घोट घोट. लघवीची सोय मात्र चढण्याआधी करायची, वेळ आल्यावर नाही, कारण अंधारात खाली उतरायचा प्रश्नच येत नाही. पुरुषांना रुंद तोंडाची घट्ट झाकणाची बरणी पुरते. बायकांनी औषधाच्या दुकानात मिळणारं युरीन पॉट आणि अंगाभोवती घ्यायला एक गडद चादर न्यावी. याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही आणि मग अर्धी रात्र पाय आवळून बसण्यात जाते. पाय आवळून बसलेल्या माणसाला सांबर दिसलं काय नि न दिसलं काय.

घुंगुरट्यांचा त्रासही याच वेळेचा. ती डोळ्यांतल्या ओलाव्यावर येतात आणि हात हलवून हाकलली की आपणच लांबून दिसतो. पातळ सुती दुपट्टा ओला करून डोक्यावरून चेहऱ्यावर सोडा, आरपार दिसतंही आणि गारवाही राहतो. ऊन उतरलं की ती जातात. वासाची मलमं, अत्तर, डिओ नकोच. चढताना वर आग्या मोहोळ नाही ना हेही एकदा बघून घ्या, तो विषय कंटाळ्याच्या पलीकडचा आहे.

या दोन तासांत एक काम उरकलं तर पुढची रात्र निम्मी सोपी होते. वर चढण्याआधी वनरक्षकाबरोबर पाणवठ्याच्या कडेनं एक चक्कर मारा, ते हो म्हणाले तर. चिखलात कुणाचे ठसे आहेत, कोणत्या पायवाटेनं जास्त वावर आहे, ते बघा. मग वर बसून वहीत नकाशा काढा: पाणी कुठे, चिखल कुठे, वाटा कोणत्या, आणि मुख्य म्हणजे खुंट आणि मोठे दगड कुठे कुठे आहेत. हे शेवटचं सोडू नका. चांदण्यात प्रत्येक खुंट अस्वल होतो आणि प्रत्येक दगड हलल्यासारखा वाटतो. उजेडी काढलेला नकाशा जवळ असला की दुर्बीण लावून एकाच खुंटाकडे पाऊण तास टक लावून बसायची वेळ येत नाही.

"पाय मेले, कंबर गेली"

बहुतेक मचाणांवर फळ्या असतात, आणि फळीची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते. त्यानं पाय बधिर होतो. गोधडीची घडी कडेवर टाका, म्हणजे कड मऊ होईल. पाठ खोडाला किंवा खांबाला टेकेल अशी जागा दिवसाच ठरवून घ्या. मांडी घालून बसायची सवय मोडलेली असेल तर रात्रभर मांडीचा हट्ट धरू नका.

दुखायला लागल्यावर हलणारा माणूस दचकून, एकदम हलतो. त्यापेक्षा दुखण्याची वाट न बघता वीस-वीस मिनिटांनी आसन बदलत राहा, सावकाश. जनावर पाण्यावर असताना हलायचंच असेल तर जुन्या शिकाऱ्यांची युक्ती अजून चालते: त्यानं तोंड पाण्याला लावलं की हला, मान वर झाली की जिथे असाल तिथे थांबा, हात हवेत असला तरी. आणि उजेड असतानाच मचाणावर इकडून तिकडे वजन टाकून कोणती फळी करकरते ते शोधा. त्या फळीखाली चिंधी कोंबा. कपडे सुती आणि मळखाऊ असू द्या. ते नायलॉनचं विंडचीटर दिसायला झकास असतं, पण कोपर हललं की सर्रकन वाजतं.

खाण्याचंही तसंच. वेफर्स, चिवडा, बिस्किटांचे चकचकीत पुडे घरीच ठेवा. भाकरी-चटणी, शेंगदाण्याचे लाडू, गूळ, खजूर, फडक्यात बांधून. रात्री अकराच्या शांततेत पुडा फाडून बघा, पलीकडच्या काठावरची चितळं माना वर करतात. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीचं काय सांगावं! घोटण्याचा तो चर्रचर्र आवाज आणि वास दोन्ही खाली उतरतात. रात्री गारवा झाला की हवा उताराकडे सरकते, आणि पाणवठा उतारालाच असतो. म्हणजे तुमच्या मचाणावरचं सगळं अत्तर नि तंबाखू थेट पाण्यावर.

आठ ते अकरा: हात आपोआप मोबाईलकडे जातो

हीच खरी अडचण, आणि फोन पिशवीच्या तळाशी टाकून ती सुटत नाही. हातांना आणि कानांना काम लागतं, ते दिलं नाही तर फोन परत वर येतो.

आधी फोन का नको ते. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं जातात. पडद्याकडे एक नजर टाकली की ती कमाई गेली, परत पहिल्यापासून. पौर्णिमा आहे, लख्ख दिसतंय असं वाटतं खरं, पण चांदण्यातलं मोकळं पाणी दिसणं वेगळं आणि जांभळाच्या सावलीत उभं असलेलं काही दिसणं वेगळं. लिहायला उजेड लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर लावा. अंधारातली वस्तू बघताना नजर नेमकी तिच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवा, जास्त दिसतं. कानात इअरफोन घालून गाणी ऐकणाऱ्यांना मी काही सांगत नाही. पाणवठ्यावर रात्री निम्म्याहून जास्त गोष्टी कानांनीच कळतात, तेच बंद केले तर घरची गच्ची काय वाईट होती?

हातांसाठी सुतळीचा वीतभर तुकडा ठेवा. आडोशाच्या खाली हात ठेवून गाठी मारायच्या, सोडवायच्या. कुणी जपमाळ ओढतं, तेही उत्तम. कानांसाठी वही आणि पेन्सिल. वनखात्याचा तक्ता असतोच: वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लं, कोणत्या दिशेनं आला, कुठे गेला. पण त्यात फक्त आलेल्यांची नोंद होते, आणि बहुतेक वेळ कुणी आलेलं नसतं. म्हणून वेगळ्या वहीत दर पंधरा मिनिटांनी एक ओळ लिहायची, काहीही झालं नसलं तरी. ऐकलं ते, दिशा, आपला अंदाज. साधारण अशी (रातवा म्हणजे रात्री ओरडणारा पक्षी):

८.४५ – डावीकडे, पान पडलं. एकच. साग.
९.०० – रातवा, चकु-चकु-चकु, नाल्याच्या पलीकडे.
९.१५ – पाचोळा, चार-पाच पावलं, थांबलं. परत तीन. जवळ येतंय?
९.३० – तेच. आता नाही. टिटवी ओरडली.

यातली सव्वानऊची ओळ लिहिली की साडेनऊपर्यंत तुम्ही हलत नाही, कारण उत्तर हवं असतं. मला तरी मचाणावर वेळ घालवायचा याहून चांगला उपाय माहीत नाही.

सागाचं वाळकं पान पडतं तेव्हा दोनदा वाजतं: फांद्यांना घासत येताना, आणि जमिनीवर आपटताना. त्यानंतर शांत. नवख्याला ते पाऊल वाटतं. खरं पाऊल पुन्हा येतं. चितळांचा कळप पाचोळ्यातून येतो तेव्हा आवाज विखुरलेला, एकाच वेळी चार ठिकाणांहून. सांबर एकटं-दुकटं, दोन-चार पावलं आणि लांबलचक थांबा. अस्वलाला कुणाची पर्वा नसते. ते फुसफुसत, खसखस करत येतं आणि वारुळ दिसलं तर माती उकरून वाळवी ओढण्याचा आवाज बराच लांबवर जातो. साळिंदराच्या काट्यांची खळखळ एकदा ऐकली की विसरत नाही. बांबूचं बेट असेल तर रात्री तापलेलं लाकूड निवताना ते उगाच कडकड करतं, त्याची नोंद करून करून तासाभरात ते ओळखीचं होतं.

आणि कॉल, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागली की जनावरं देतात तो इशारा. चितळाचा आखूड, तीक्ष्ण, वानरांची खकरखकर, भेकराचं भुंकणं, सांबराचा खणखणीत, ढांककन. चितळ पुष्कळदा उगाचही ओरडतं. सांबर सारखं ओरडत राहिलं तर मात्र पेन्सिल खाली ठेवा.

बारा ते तीन: "काहीच होत नाही"

होतं, पण फार हळू. या वेळेला चंद्राचा हिशोब कामाला येतो. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताला उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात वर येतो. उन्हाळ्यातला असल्यानं तो अगदी डोक्यावर नाही येत, दक्षिणेकडे झुकलेला राहतो. याचा अर्थ, पूर्वरात्री पूर्वेकडच्या झाडांची सावली पाण्यावर पडलेली असते आणि उत्तररात्री पश्चिमेकडच्या. ज्या काठाकडे तुम्ही साडेआठपासून डोळे ताणताय तो दोन वाजता उजळतो आणि समोरचा काळा होतो. जनावरं सावली धरून येतात, तेव्हा बारानंतर बघायची बाजू बदला. खूप जण रात्रभर एकाच वाटेकडे तोंड करून बसतात आणि पाठीमागून आलेला गवा पाणी पिऊन निघून गेल्यावर खुरांचा आवाज ऐकतात.

सांबर पाण्यावर कसं येतं ते एकदा पूर्ण बघा, मोजून. आधी झाडोऱ्याच्या कडेला एक उभी काळी रेघ असते, जी नकाशात नाही. मग तिला कान फुटतात, आणि ते कान वेगवेगळ्या दिशांना वळत असतात. पाच मिनिटं तसंच. एक पाय उचलतं, टेकवत नाही, परत मागे घेतं. वाऱ्याची झुळूक आली की नाकपुड्या वर. पुढचा पाय दाणकन आपटतं, शेपटी उभी, आता पळणार असं वाटतं, आणि ते पळत नाही. चार पावलं पुढे येतं. मग पुन्हा पहिल्यापासून. पाण्याला तोंड लागेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. पाणी पिणं दोन मिनिटांचं. "काहीच होत नाही" म्हणणाऱ्याच्या समोरून हे सगळं गेलेलं असतं, त्यानं फक्त शेवटची दोन मिनिटं बघितलेली असतात.

पहाटे तीन ते पाच: डोळा लागतो

लागणारच. शरीराच्या घड्याळात झोपेची सगळ्यात खोल वेळ ती. इथे मनोधैर्य वगैरे काही नाही, पाळ्या लावा. एक जण अर्धा तास आडवा, दुसरा जागा, मग उलट. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी पुरते, त्याहून जास्त झोपलं तर उठल्यावर डोकं जड होतं. चहा-कॉफी थर्मासमधून न्यायची असेल तर झोप यायला लागल्यावर पिऊ नका, अंगात भिनायला अर्धा तास जातो. अडीचलाच घ्या. घोरणाऱ्याला कुशीवर झोपवा, नाही ऐकलं तर त्याची पाळी रद्द. कठडा तकलादू असेल तर झोपणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून खांबाला अडकवा, लाजू नका.

पहाटे अंग गार पडतं, मेळघाटात तर मे महिन्यातही पातळ पांघरूण लागतं, आणि गारठलेला माणूस आणखीच पेंगतो. मनगटावरचं घड्याळ सारखं बघायची सवय मोडायची असेल तर सप्तर्षींकडे बघा. संध्याकाळी ते उत्तरेला उंचावर असतात आणि पहाटे चार-साडेचारच्या सुमाराला वायव्येला पार खाली, झाडांच्या शेंड्यांत उतरलेले. ते टेकले म्हणजे उजाडायला फार वेळ नाही. पाचच्या आत रानकोंबडा आरवतो, मोर सुरू होतात, आणि त्या गडबडीत बरेच जण सामान आवरायला घेतात. आवरू नका. पहिल्या उजेडातला तास संध्याकाळइतकाच वर्दळीचा असतो.

"वाघ आला नाही, म्हणून"

यावर उपाय नाही, हिशोब आहे. वाघांचा अधिकृत अंदाज २००६ पासून कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून, दर चार वर्षांनी काढतात. पाणवठ्यावरच्या एका रात्रीच्या मोजणीवर तो ठरत नाही. म्हणजे तुमच्या तक्त्यात वाघाचा रकाना कोरा राहिला म्हणून कुणाचं काही अडत नाही. तो भरला तर आनंदच, पण त्या एका रकान्यावर रात्र लावणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर महिन्याचा किराणा काढणं. चढतानाच दुसरं काहीतरी ठरवा: आज सांबरांत नर किती नि माद्या किती ते मोजायचं, किंवा रातव्याचे आवाज किती ठिकाणांहून येतात ते. भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठी, लपणात बसणारे पक्षीवाले हे न सांगता करतात. रोहित (फ्लेमिंगो) आला नाही तर ते चक्रवाकांच्या जोड्या मोजत बसतात.

सोबती

कुजबुजणारा सोबती बोलणाऱ्यापेक्षा वाईट, कारण 'स'कार, 'श'कार रात्री लांब जातात. बोलायचंच तर कानाशी, खर्जात. चढण्याआधी खुणा ठरवा: गुडघ्यावर एकदा थाप म्हणजे बघ, दोनदा म्हणजे हलू नकोस. घरातली माणसं एकत्र बसणार असतील तर वाद खालीच मिटवून चढा.

उतरल्यावर

गाडी आली, शिडी लागली, वनरक्षकानं हाक मारली, मगच उतरायचं. तक्ता तिथेच पूर्ण करून द्या, नाश्त्यानंतर आकडे फुगतात. आणि रात्रभर जागून लगेच नागपूर किंवा अमरावतीचा रस्ता धरू नका. जंगलात पहाटे चारला आली नाही ती झोप सकाळी दहाला, सरळ हायवेवर, स्टिअरिंगमागे येते. गेटजवळच्या गावात खाट मिळते, दोन-तीन तास पाठ टेका, नाहीतर रात्री नीट झोप झालेला ड्रायव्हर आधीच ठरवून आणा.